पडेगावच्या शेतातली मेंढरे

सांडूबाबांचे भिकन, भिकन यांचे त्रिंबक आणि त्रिंबक यांची राजाबाई. पणजोबांनी मेंढरे राखली. राजाबाईने ती घडवली.

घराण्याला हे फारसे रुचले नाही, यात नवल नाही. तिच्या कामाला जाणकार मंडळी मांडणशिल्प म्हणतात. एकदा क्रांती चौकात तिने घोंगड्यांचा भलामोठा तंबू उभारला, तर येणाऱ्याजाणाऱ्यांनी एका घोंगडीचा भाव विचारला. राजाबाईने तो सांगितला नाही, आणि काम पुढे चालू ठेवले.

मात्र एक गोष्ट तिच्या मनात लहानपणापासून सलत होती. पोलिस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात माळावरचे पाणी आटले, तेव्हा पडेगावच्या दाऊदमियांनी आपली विहीर सांडूबाबांच्या कळपासाठी मोकळी केली. मोबदला रिवाजाप्रमाणे ठरला: पावसाळ्यापूर्वी एक रात्र कळप दाऊदमियांच्या शेतात बसवायचा, म्हणजे लेंड्यांचे खत जमिनीला मिळते. परंतु पाऊस लवकर आला, सांडूबाबा घाईने डोंगराकडे निघून गेले, आणि पुढे रोगाने कळपच दगावला. फेड होईतो पडेगावचे पाणी तोंडाला लावायचे नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. वारशात शपथ टिकली, मेंढरे टिकली नाहीत. चितेगावच्या कारखान्यात पहारेकरी म्हणून आयुष्य घालवलेले त्रिंबकआबा एसटीतून जाताना पडेगाव आले की आजही तोंड फिरवून बसतात.

राजाबाईने ठरवले की फेड आपल्या कलेनेच करावी. बांबूच्या सांगाड्यावर लोकर थापून तिने वर्षभर खपून बसलेल्या मेंढरांचा कळप घडवला, आणि दाऊदमियांची नात जहांआराबी हिच्या परवानगीने त्याच शेतात मांडला. रविवारी सकाळी मुंबईच्या एका कलादालनाचे पाहुणे येणार होते. त्यांना काम पसंत पडले तरच पुढचे काम मिळणार होते.

शनिवारी दुपारी जहांआराबी काठी टेकत पाहणीला आली. तिने एक मेंढी काठीनेच उलटी केली आणि वाकून खाली पाहिले.

"लोकर झकास हाय. लेंडी कुठंय?"

"खाला, हे शिल्प आहे. आमच्या घराण्याकडून फेड म्हणून."

"तुझ्या पणज्याच्या मेंढरांनी आमच्या विहिरीचं पाणी पिलं, ते काय चित्रातलं पाणी होतं? उद्या पाहुणे यायच्या आत इथं खरी मेंढरं बसव. नाय तर ही तुझी उचल आन् शेत मोकळं कर."

राजाबाईने वडिलांकडे पाहिले. आबा बांधावर बसून घरून आणलेल्या बाटलीतले पाणी पीत होते.

"मी सांगितलं व्हतं," ते शांतपणे म्हणाले. "तुला वाटलं, म्हाताऱ्याला कलेतलं काय कळतंय."

पण त्यांनीच फोन काढला. आबांचा चुलतभाऊ बद्रीनाथ याचा कळप दौलताबादच्या वाटेवर उतरला होता. राजाबाईने लोकर घेतली होती तीही त्याच्याचकडून. दिवस मावळायच्या सुमारास बद्रीनाथ मेंढरे हाकत आला, आणि नवेच संकट उभे राहिले. शेत अनोळखी, शेजारी रस्ता, ट्रकांचे भोंगे. मेंढरे एका कोपऱ्यात दाटीने उभी राहिली. एकही खाली बसेना.

"रात्रभर उभीच ऱ्हातील," बद्रीनाथ म्हणाला. "उजेड हाय तवर घेऊन जातो."

"उभ्या उभ्या लेंड्या टाकतील की," राजाबाई म्हणाली.

"तसं चालत नाय," जहांआराबी बाजेवरून म्हणाली. "बसवायचं ठरलं होतं."

तेवढ्यात कळपातली एक म्हातारी मेंढी लोकरीच्या मेंढीपाशी गेली. तिने तिचा वास घेतला, पुन्हा घेतला. वास आपल्याच गोतातला निघाला, शिवाय ही बया निवांत बसलेली. म्हातारी गुडघे मोडून तिच्या शेजारी टेकली, आणि तिच्यामागून सारा कळप लोकरीच्या मेंढरांमध्ये जागा शोधत बसत गेला.

"एवढी हुशार माझी बायको असती, तर," बद्रीनाथ म्हणाला, आणि आबांनी डोळे वटारताच मेंढरे मोजू लागला.

सकाळी पाहुणे आले. पांढऱ्या बुटांचे एक गृहस्थ कळपात शिरून म्हणाले, "वा, श्वास घेतल्याचा भास किती हुबेहूब साधलाय." त्या भासाने उठून अंग झाडले, आणि गृहस्थांच्या बुटांनाही खत मिळाले. ते इतके मोकळे हसले की मागचे सगळे हसले. हेच काम, खऱ्या मेंढरांसकट, मुंबईला हवे, असे त्यांनी तिथेच सांगून टाकले. बद्रीनाथने लगेच विचारले, मुंबईत चारा कोण देणार.

जहांआराबीला या कशाचे काही नव्हते. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काठीने माती उकरत, लेंड्या पाहत चालली होती. पाहणी संपली तशी ती विहिरीवर गेली, तांब्या भरला आणि आबांपुढे धरला.

"घ्या त्रिंबकभाऊ. तीन पिढ्या कोरड्या ठेवल्या तुम्ही, उगाच."

आबांनी टोपी नीट केली, तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि पाणी पोटभर प्यायले.