ताईंच्या टेबलाशेजारचं स्टूल

मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, मला चार पाय आहेत आणि त्यातला एक आखूड आहे. वीज कंपनीला एका दिवसात बारा स्टुलं हवी होती, त्या घाईत सुताराचं माप चुकलं. म्हणून मी जन्मापासून डुगडुगतो. त्याचा मला राग नाही. राग कशाचा आहे, ते सांगतो.

मला तक्रार विभागात ताईंच्या टेबलाशेजारी ठेवलं. ताई म्हणजे तिथल्या सर्वांत जुन्या कारकून. घरी यजमान अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे घर त्यांच्याच नोकरीवर चालायचं. नवीन माणूस आला की साहेब त्याला माझ्यावर बसवायचे आणि सांगायचे, "ताई काय करतात ते नीट बघ." ताई फोनवर दोनच प्रश्न विचारायच्या, "शेजाऱ्यांकडे दिवे आहेत का? पंखा बंद आहे की हळू फिरतोय?" तेवढ्यावरून बिघाड घरात आहे की रस्त्यावरच्या खांबावर, ते त्यांना कळायचं. माझ्यावर बसून शिकलेल्या प्रत्येकाला पुढे स्वतःची खुर्ची मिळाली. मला त्याचा केवढा अभिमान होता!

मग टाय घातलेला एक माणूस आला; मी त्याला टायवालाच म्हणतो. तो आमच्या कंपनीचा नव्हताच. तक्रारींचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरलं होतं आणि त्याला ते शिकवायचं होतं ताईंनी. "जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका," साहेबांनी बजावलं होतं. तीन महिने तो माझ्यावर बसून ताईंचा शब्द न् शब्द टिपून घेत राहिला. त्याची जाडजूड पुस्तिका झाली आणि ताईंना घरी पाठवलं. जाताना त्यांनी रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली. टायवाला बसलेला असतानाच मी मोडून पडायला हवं होतं. पडलो नाही, याची मला आजही लाज वाटते.

कंत्राटाबरोबर टेबलं, खुर्च्या आणि मीही नव्या जागी गेलो. दोन वर्षांनी माझ्यावर एक नवीन उमेदवार येऊन बसली. वजन ओळखीचं वाटलं. ताईच होत्या! दुसरीकडे कुठेच काम मिळालं नव्हतं. तेच काम, निम्मा पगार, आणि आधी पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. शिकवायला खुर्चीत बसली होती एक चष्मेवाली मुलगी. ती पुस्तिकेतून वाचू लागली, "पहिला प्रश्न. शेजाऱ्यांकडे दिवे आहेत का?"

"अगं, हे मीच सांगितलेलं," ताई हळूच म्हणाल्या.

मुलगी ओशाळली. "मग तुम्ही स्टुलावर कशा?"

"असू दे गं, वाच पुढे," ताई हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. ताईंनी एका आजोबांचा फोन घेतला. भिंतीला हात लावला की त्यांना झिणझिण्या येत होत्या. पुस्तिकेत हे नव्हतं. "आजोबा, भिंतीपासून लांब व्हा. आधी रबरी चपला घाला," ताई म्हणाल्या. मग त्यांनी आजोबांना मेन स्विच बंद करायला लावला आणि वायरमन पोहोचेपर्यंत त्यांना बोलतं ठेवलं. अकरा मिनिटं लागली. एका फोनला मर्यादा चार मिनिटांची होती.

"ताई, तुम्ही वेळ पाळत नाही," टायवाला म्हणाला आणि त्याने नापासचा शेरा मारला. एका माणसाचा जीव वाचवला म्हणून नापास! आणि शेरा मारणारा कोण, तर तीन महिने माझ्यावर बसून त्यांच्याकडूनच शिकलेला! ताई उठून निघाल्या. धूळ पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

काल टायवाल्याने चष्मेवालीसमोर एक परका माणूस आणून उभा केला. काम आता आणखी स्वस्तात दुसऱ्या देशात होणार आहे. "याला सगळं शिकव," तो म्हणाला. तिने मला पुढे ओढलं. देशभर माझ्यासारखी किती स्टुलं अशी ओढली जात असतील, कोण जाणे.

मित्रांनो, मला रंग देऊ नका. माझा आखूड पायही दुरुस्त करू नका. एवढंच करा. कुणी कुणाला काम शिकवताना दिसलं, की शिकवणाऱ्याच्या जवळ जा आणि विचारा, "याचं शिकून झालं की तू कुठे बसणार?"