यज्ञेश्वराचा अडकलेला दिवा

या, जरा पुढे सरका. पाय पोटाशी घ्या, म्हणजे मागच्यांनाही जागा होईल. देवाचं नाव घेऊन एक कथा सांगायची आहे. काशीतली आहे, दिव्याची आहे.

देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती. कार्तिकातली तिन्हीसांज. दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. काशीत या महिन्यात पितरांसाठी टोपलीत दिवा ठेवतात आणि तो उंच बांबूवर चढवतात. घाटावर आकाशीबाबा नावाचे एक साधू बसत; त्यांच्या दिव्यांना मात्र बांबू लागत नसे. पातळ कागदाची, तोंड खाली असलेली पिशवी शिष्य धरायचे, तिच्याखाली तारेवर कापूर पेटायचा, बाबा काही पुटपुटायचे आणि दिवा आपणहून गंगेवर चढत जायचा. "गये बैकुंठ," बाबा म्हणत. कुणाचे आजोबा, कुणाची आत्या, सगळ्यांना सरळ तिकीट, मध्ये गाडी बदलणं नाही.

फक्त यज्ञेश्वराचा दिवा तीन दिवस जागचा हलला नव्हता. एक दिवा असा अडला की लोकांच्या नजरेत बाकीच्यांच्या उडण्याला वजन येतं, हे बाबांना ठाऊक होतं.

यज्ञेश्वर म्हणजे प्रेमलाबाईंचा नवरा. कॉलेजात शिकवायचा, आणि सुट्टीत गंगेपलीकडच्या वाळूवर स्वतः बांधलेल्या बिनइंजिनाच्या विमानातून उडायचा. गेल्या माघात विमानाचा पंख मोडला आणि तो गेला. तेव्हापासून प्रेमलाबाई रडल्या नव्हत्या. स्वयंपाक करत, विचारलं तर उत्तर देत. चहा गरम की गार, तेही त्यांना कळत नसे.

बाबांचं निदान असं, की या माणसाने देवांच्या वाटेत पाय घातला, म्हणून जीव मध्येच लटकला. त्याची वही अग्नीत टाकली तर सुटेल. त्या वहीत यज्ञेश्वराने आपल्या आधी उडालेल्या आणि पडलेल्या माणसांच्या हकिगती टिपल्या होत्या. कुणाचं काय चुकलं, पुढच्याने काय सांभाळावं.

धाकटे दीर वासुदेव वही घेऊनच आले होते. "वहिनी, टाका एकदाची. दादा सुटेल."

प्रेमलाबाईंनी वही घेतली, ती टाकायचीच म्हणून. शेवटचं एकदा पेटलेल्या दिव्याला हात लावावा म्हणून वाकल्या. तळहात पिशवीच्या वरच्या टोकावर गेला आणि भाजला.

कितीतरी महिन्यांनी काहीतरी लागलं होतं. टोकाच्या घडीत रुपयाएवढं भोक होतं, आणि गरम हवा तिथून निसटत होती. लग्नानंतरच्या पहिल्या कार्तिकात यज्ञेश्वराने त्यांच्याकडून असल्याच पिशव्या चिकटवून घेतल्या होत्या. प्रेमलाबाईंचे हात खळीने भरलेले, आणि तो सांगत बसायचा की माणूस आकाशात पहिल्यांदा गेला तो अशाच गरम हवेच्या पिशवीखाली बसून.

कापूर विझल्यावर त्यांनी वहीतलं मागचं कोरं पान फाडलं आणि नैवेद्याच्या भाताची शितं बोटांनी चुरडली.

"माई, यह क्या कर रही हो? मंत्र बाकी है," बाबा म्हणाले.

"चिकटवतेय."

नवा कापूर पेटला. दिवा डुगडुगला आणि वर गेला. बाबांनी लगेच हात उंचावून सांगितलं की माईची भक्ती पाहून आपण मनातल्या मनात मंत्र म्हटला होता. प्रेमलाबाईंनी बाबांच्या ढिगातला दुसरा दिवा उचलला, टोकाला तेवढंच भोक पाडलं आणि पेटवून पुढे धरला.

"आता मोठ्याने म्हणा."

बाबा घाम फुटेपर्यंत म्हणाले. कापूर संपला, दिवा तिथेच. आज हवा अनुकूल नाही, असं ते म्हणाले, तेव्हा खालून एक नावाडी बोलला, "हवा तो थी बाबा, छेद से निकल गई."

वासुदेव वहिनींच्या हातातल्या वहीकडे बघत म्हणाले, "म्हणजे दादा..."

"कागदात भोक होतं, भाऊजी. तुमच्या दादांमध्ये खोट नव्हती."

घरी जाऊन त्यांनी हाताला तूप लावलं. झोंबत होतं. त्यांनी झोंबू दिलं.

गरम हवा हलकी असते, कोंडली की वर नेते. त्यात मंत्र नाही. पितरांसाठी दिवा जरूर लावा, तो प्रेमाचा आहे. पण दुःखाने बधिर झालेल्या माणसाकडे कुणी काही जाळायला मागितलं, तर आधी त्याच्या दिव्याचं टोक चाचपून बघा. आणि डोक्यावरून विमान जाईल तेव्हा यज्ञेश्वराची आठवण काढा, त्याच्या आधी पडलेल्यांचीही. त्यांच्या चुका कुणीतरी लिहून ठेवल्या, म्हणून ते विमान सुखरूप उतरणार आहे.