वरची तार म्हणजे कोणती?

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. म्हातारी म्हणा, चालेल. निकामी म्हणालात, तर गाठ माझ्याशी आहे!

कारखान्यात मला कापलं, घासलं, लाल रंग दिला. दुकानातून धाकटीने मला घरी आणलं. ती मला वाजवायची, तिची थोरली बहीण गायची आणि त्यांचा मित्र ढम्या ड्रम बडवायचा. मधूनमधून तोही गायचा. लोक ताईच्या आवाजाची स्तुती करत आणि मी उगाच फुगत असे.

मग ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज वाचला, पण एक सूर खाली उतरला. तिची गाणी माझ्या मोकळ्या, बोटाने न दाबलेल्या तारांवर बसवलेली होती. तेव्हा ठरलं असं, की तिच्या गाण्यांना माझ्या सगळ्या तारा एक सूर उतरवायच्या आणि ढम्याच्या गाण्यांना पुन्हा चढवायच्या.

माझ्यावर तेव्हा पातळ तारांचा संच होता. उतरवल्यावर खर्जाची तार नुसती लोळायची आणि मानेवरच्या धातूच्या पडद्यांवर आपटून खरखरायची. म्हणून धाकटीने सगळा संच जाड घातला. तो खालच्या सुरात छान वाजला, पण नेहमीच्या सुरात चढवला की माझी मान वाकायची आणि तिच्या बोटांना फोड यायचे. आगीतून फुफाट्यात!

"विकून टाक ही," ढम्या म्हणाला. "दोन नव्या घे. सगळे तेच करतात."

ताई हळूच म्हणाली, "त्यापेक्षा सगळी गाणी तूच म्हण रे. माझ्यासाठी कशाला एवढा खटाटोप?"

मित्रांनो, मला राग आला तो इथे. यांना तारा निवडता येईनात आणि गिटार वाकडी! त्यात ताईने गप्प बसायचं, तेही माझं निमित्त करून? मुळीच चालणार नाही.

धाकटीने मला मांडीवर घेतलं. "आपण मिसळून घालू. वरच्या जाड, खालच्या पातळ."

"उलटं बोलतेस," ताई म्हणाली. "खालच्या जाड हव्यात."

"ताई, गाणं तुझं, गिटार माझी. वरच्या जाड!"

"अगं, खर्ज ढिला पडतोय ना? मग खालच्याच नको का जाड?"

चांगलीच जुंपली. शेवटी ताईने वैतागून माझ्या सगळ्यात जाड तारेवर बोट ठेवलं. "ही! ही खालची!"

"ही वरची! माझ्या नाकाखाली तर आहे!"

मला मांडीवर घेतलं की जाड तार सगळ्यात वर असते. तिचा सूर मात्र सगळ्यात खालचा. दोघी मघापासून एकच गोष्ट सांगत होत्या. मग अशा हसल्या की मीही हादरले.

खर्जाच्या तीन तारा जाड संचातल्या घातल्या, उरलेल्या तीन पातळ संचातल्या. जाड तारा बसाव्यात म्हणून धाकटीने माझ्या मानेवरच्या खाचा बारीक कानशीने रुंद केल्या. झोंबलं, पण मी हूं की चूं केलं नाही. सूर उतरवताना तार आधी हवी त्याहून खाली न्यायची आणि मग वर आणत लावायची, हेही ती शिकली. तशी लावलेली तार मग घसरत नाही.

कार्यक्रमात ढम्याची गाणी झाली. तो ताल धरून राहिला, धाकटी खुंट्या पिळू लागली.

"नको गं," ताई मागे सरकत म्हणाली. "राहू दे."

धाकटीने शेवटची खुंटी पिळली. तिने जाड तार छेडली आणि मी अंगातला सगळा जोर लावून वाजले. ताई पुढे आली. पहिल्याच ओळीला तिचा आवाज फाटला. तिने तीच ओळ पुन्हा घेतली आणि गाणं पूर्ण केलं.

नंतर ढम्या मान खाजवत म्हणाला, "माझीही दोन गाणी खाली घेऊ या का? वर ओरडून घसा दुखतो गं."

मित्रांनो, तुमच्या घरची गिटार कुरकुरत असेल, तर तिच्या तारांवरचा तुमच्या बोटांचा घाम पुसा, खाचा बघा, तारा नीट निवडा. आणि कुणाचा आवाज उतरला, तर त्याला गप्प करू नका. तारा त्याच्या सुराला लावा. मला विकत घ्यायचं म्हणता? या की! फक्त आत ताई गाते आहे. तिचं होईपर्यंत दाराबाहेर थांबावं लागेल.