दोन वीत पाय, एक वीत खोली

आमच्या क्लबचा नियम एकच आहे. बूट आणि कपडे सोडून अंगावर विकत आणलेलं काही चालणार नाही. बुटांना सूट द्यावी लागली, कारण पहिल्याच वर्षी झुहदीकाकांनी ट्रामच्या पायरीवरचं रबर कापून बुटांचे तळ बनवले आणि पुढचे तीन आठवडे ते टाचांवर चालत होते. बाकी टोपी, पट्टा, पाण्याची पिशवी, घाम पुसायची सोय, सगळं ज्याचं त्याने हाताशी असेल त्यातून बनवायचं. वर्षातून एकदा, नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी, कायतबेच्या किल्ल्यापासून स्टॅन्लीच्या पुलापर्यंत समुद्राकाठाने पळायचं. वस्तू दीड तासात, हात न लावता, अंगावरून न पडता पोचली तर पास. पास झालेल्या वस्तूचं आणि ती बनवणाऱ्याचं नाव क्लबच्या दारावर रंगवलं जातं. त्यासाठी दार बिजागऱ्यांतून काढून टेम्पोने पुलावर आणतात.

ते दार माझ्या वडिलांनी बनवलं होतं. क्लबही त्यांनीच काढला. एकोणीस वर्षांत त्यांनी सतरा वस्तू बनवल्या आणि दारावर त्यांचं नाव एकदाही लागलं नाही.

बाबांचं अत्तारीनच्या बाजारात दिव्यांच्या झाकणांचं, म्हणजे लॅम्पशेडचं, दुकान होतं. उस्ता फिक्री, म्हणजे फिक्री कारागीर, म्हटलं की सगळी गल्ली बोट दाखवायची. तार वाकवणं, कापड ताणणं, झालर लावणं यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण तीच तार माणसाच्या अंगावर चढली की काहीतरी व्हायचं. कपाळावरचा घाम कानामागे नेणारी तांब्याची पन्हळ त्यांनी केली. तिने तो शेजारून पळणाऱ्या डॉक्टर वगीह यांच्या डोळ्यात नेला. पाठीला लावायचा पंखा केला, तो वाऱ्याने उलटा फिरून त्यांनाच मागे ओढू लागला. स्पंजाचे गुडघे केले, त्या वर्षी भरतीच्या लाटा कठड्यावरून आल्या. बाबा दर वेळी तुटलेली वस्तू काखेत मारून पुलावर यायचे आणि म्हणायचे, "तत्त्व बरोबर होतं."

सप्टेंबरच्या शेवटी, दुपारच्या चहाच्या आधी, ते दुकानातच गेले. त्यांच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस मंगळवारी झाला. बुधवारी मी दुकान आवरायला गेले, तेव्हा कात्रीखाली एक कागद सापडला. त्यावर खांद्यांवर बसवायच्या दिव्याच्या झाकणाचं चित्र होतं. तीन तारेचे पाय, वर घेर, डोकं मधोमध. खाली लिहिलं होतं: 'सूर्यासाठी. पाय दोन वीत. खोली एक वीत. घेर पाच वीत. झुहदी, हसू नकोस.'

शर्यत त्याच शुक्रवारी होती. मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि तार हातात घेतली. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून हे काम केलेलं होतं. कापड मात्र दुकानात एकच उरलं होतं, एका हॉटेलाच्या ऑर्डरमधलं गुलाबी सॅटिन, त्याला सोनेरी झालर. गुरुवारी दुपारी वस्तू तयार झाली. दिव्याच्या लाकडी खांबावर ठेवून पाहिली. सुंदर दिसत होती.

शुक्रवारी सकाळी किल्ल्यापाशी सगळे जमले होते. डॉक्टर वगीह दाताचे डॉक्टर. त्यांच्या छातीवर गरम पाण्याची रबरी पिशवी होती, तिच्यात थंड कर्कदे, म्हणजे जास्वंदीचं सरबत, आणि ते ओढायला दवाखान्यातली लाळ शोषायची नळी. ती चालू असताना त्यांच्याशी बोलता येत नाही. झुहदीकाका, निवृत्त ट्रामचालक, कमरेला घंटा बांधून आले होते. घंटेची दोरी गुडघ्याला, म्हणजे प्रत्येक पावलाला ठणठण. तपासणीला इन्शिराहबाई. बाईंनी तेहतीस वर्षं गणित शिकवलं. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते आणि त्या टांग्यात उभ्या राहून शर्यत पाहतात.

मी काळे कपडे घातले होते. ती वस्तू खांद्यांवर चढवली, पट्टे आवळले, आणि समुद्र गेला. किल्ला गेला. झुहदीकाका गेले. गुलाबी अंधारात मी उभी होते. खाली पाहिलं तर माझे बूट आणि वीतभर फरशी.

मग झुहदीकाका, ते पळणाऱ्या कोणालाही कॅप्टनच म्हणतात, म्हणाले, "अगं कॅप्टन, तुझं बटण कुठे आहे? लावून बघतो."

"काका, हसू नका म्हणून लिहून ठेवलंय तुम्हाला."

"मी कुठे हसतोय? हा वगीह हसतोय."

नळीचा गुरगुर आवाज आला. डॉक्टर खरंच हसत होते आणि कर्कदे नाकात गेलं होतं.

"रबाब," इन्शिराहबाईंचा आवाज जवळ आला. "कागद दाखव." मी खिशातून कागद काढून आवाजाच्या दिशेने धरला. "पाय दोन वीत. तू मोजलेस कशाने?"

"वितीने."

"कोणाच्या?"

मी माझा हात पुढे केला. कोणी हसलं नाही. क्लबातल्या प्रत्येकाच्या वस्तूचं माप बाबांच्या हाताने घेतलं जायचं. डॉक्टरांची नळी तीन वीत, काकांची दोरी चार. आमच्यात वीत म्हणजे तीच. तिला दुसरा मालक असतो हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं. आणि मी, त्यांच्या शेजारी बसून वाढलेली, अंगठा आणि करंगळी ताणून खुशाल मोजत गेले होते.

"उस्ताची वीत म्हणजे जेवणाचं ताट होतं," काका हळूच म्हणाले. "त्याच्या मापाने हे कपाळाच्या वर बसलं असतं, पोरी."

"दुरुस्त करायला वेळ नाही," बाई म्हणाल्या. "पळणार का नाही, बोल."

"पळणार. पोचलं तर दारावर बाबांचं नाव लागेल ना?"

"आधी पोच."

शिट्टी वाजली.

पहिला अर्धा किलोमीटर मी काकांच्या घंटेमागे गेले. घंटा डावीकडे, मी डावीकडे. मग एका खऱ्या सायकलवाल्याने घंटा वाजवली आणि मी त्याच्यामागे एका गल्लीत शिरले.

"परत ये! कॅप्टन! अगं तो भाजी घेऊन घरी चाललाय!"

त्यानंतर सगळ्यांनीच ओरडायला सुरुवात केली. "उजवीकडे! खांब! मांजर! उसळवाल्याची गाडी!" उसळवाला स्वतःही ओरडला, "ताई, दिवा घेऊन कुठे, सकाळ झाली!" मागून काका पुन्हा पुढे आले. "माझ्यामागे राहा. मी चाळीस वर्षं रुळावरून हललेलो नाही."

मला नुसती जमीन दिसत होती. पण जन्मभर याच काठावर चाललेल्या माणसाला जमीन पुरते. माशांचे खवले आणि ओली फरशी म्हणजे बंदर. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं म्हणजे रमल, आदल्या संध्याकाळी तिथे जोडपी बसलेली असतात. मग फरशी रुंद आणि स्वच्छ झाली, म्हणजे शातबी आली. वारा मागून डावीकडून येत होता, झाकणात भरत होता आणि मला ढकलत होता. सतरा वस्तू अडवणाऱ्या वाऱ्याने अठराव्या वस्तूला धक्का द्यायचं ठरवलं होतं बहुतेक. मला हसू फुटलं. एकदा फुटल्यावर थांबेना. आत आणखीही काही चाललं होतं, पण झालर नाकाच्या खाली लोंबत होती आणि बाहेरच्यांना फक्त हसण्याचा आवाज जात होता. ती मोठी सोय होती.

"पंचावन्न मिनिटं!" टांग्यातून बाई ओरडल्या. "झुहदी, तिला गप्पा मारायला लावू नकोस!"

"मी गप्प आहे! ती एकटीच हसतेय!"

क्लिओपात्राच्या किनाऱ्यापाशी काहीतरी सरकन आवाज झाला आणि माझं डोकं समुद्राकडे ओढलं गेलं.

"लागला!" कठड्यावरून कोणीतरी आनंदाने ओरडलं. "मोठा आहे!"

"अरे सोड, माणूस आहे तो!" काका.

"गुलाबी माणूस?"

मासेमाराचा गळ झालरीत अडकला होता. तो ओढत होता, मी पुढे जात होते, आणि तारेच्या एका पायाचा जोड कट्‌कन सुटला. झाकण उजव्या कानावर कलंडलं. एका डोळ्याला क्षणभर आकाश दिसलं.

"हात लावू नका!" बाईंची शिट्टी. "वस्तूला कोणी हात लावायचा नाही!"

"मग मी काय करू?" मासेमार.

नळी तोंडातून काढून डॉक्टर वगीह म्हणाले, "दोरी म्हणजे वस्तू नव्हे. दोरी काप."

"आणि माझा गळ?"

"स्टॅन्लीला ये. दातही फुकट तपासतो."

दोरी कापली गेली. गळ झालरीतच राहिला आणि गळाला कोळंबी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या मागे कोणीतरी म्याव केलं. मग आणखी कोणीतरी.

"काका, मागे किती आहेत?"

"विचारू नकोस. पळ."

सुटलेला पाय खांद्यावर टोचत होता. झाकण पडू नये म्हणून मला डोकं डावीकडे कलतं धरावं लागलं, आणि डोकं कललं की माझे पाय डावीकडे जात, आणि डावीकडे कठडा. असं मी तिरकी तिरकी पळत होते. काका माझ्या डाव्या अंगाला येऊन पळू लागले, म्हणजे कठड्याच्या आधी त्यांच्यावर आदळावं. प्रत्येक धडकेला घंटा वाजायची. वय वर्षं अडुसष्ट. कुरकुर करत होते, पण बाजूला झाले नाहीत. "तुझ्या बापाने... ठण... सतरा वेळा... ठण... मला असंच छळलंय."

"ऐंशी मिनिटं!"

सिदी गाबेर गेलं. पुलाचा चढ पायांना कळला. वारा झाकणाखाली शिरला, उरलेले दोन पाय कुरकुरले, आणि मला वाटलं, झालं, आता हे काखेत मारून न्यायचं आणि तेच वाक्य म्हणायचं. मी मान आखडून श्वास धरला. कोणी ओरडत नव्हतं. घंटाही थांबली होती. काका मुद्दाम मागे राहिले असावेत, धक्का लागू नये म्हणून. फरशीवर रंगवलेली पांढरी रेघ आली. तिच्यावरून आधी माझा डावा बूट गेला, मग उजवा, मग एक करड्या रंगाचं मांजर.

"एक तास अठ्ठावीस मिनिटं," बाई म्हणाल्या.

जो गोंधळ उडाला तो मी फक्त ऐकला. कोणीतरी माझे हात धरून नाचवत होतं. मग बाईंनी सगळ्यांना गप्प केलं.

"तपासणी. वस्तू कशासाठी?"

"सूर्यासाठी."

"डोळ्यांवर ऊन आलं?"

"काहीच आलं नाही, बाई. ऊन नाही, समुद्र नाही, झुहदीकाका नाहीत."

"उद्देश सफल. बनवणाऱ्याचं नाव?"

"फिक्री."

"रबाब," बाईंचा आवाज उतरला, "त्याच्या मापाने ही वस्तू वेगळी झाली असती. तुला दिसलं असतं. ही तू बनवलीस. तुझं नाव लागलं तर त्याला वाईट वाटणार नाही."

"कागद वाचा, बाई. त्यांनी वीत लिहिलंय. कोणाची, ते लिहिलेलं नाही."

कागद उलगडल्याचा आवाज झाला. बाईंनी तेहतीस वर्षं एककं न लिहिणाऱ्यांचे गुण कापले होते.

"माप अपुरं लिहिल्याबद्दल अर्धा गुण वजा," त्या म्हणाल्या. त्यांनी नाक ओढलं. "पास. झुहदी, रंग आण. 'उस्ता फिक्री' लिही, आणि तुझं ते अक्षर जरा सरळ काढ."

"सरळ काय काढू, अजून धाप लागलीये!"

"मग वगीहला दे."

"डॉक्टरचं अक्षर? वाचणार कोण?"

दारावर ब्रश घासल्याचा आवाज येऊ लागला. मासेमार त्याचा गळ मागायला येऊन पोचला होता आणि मांजरांशी भांडत होता. "आता काढ गं ते," बाई म्हणाल्या, "ये, नाव बघ."

"येते. जरा थांबा," मी आतून म्हणाले.

त्या थांबल्या.