होडी राखणारा

सिद्धेशनं नकाशावरचा शिंपला दोन बोटांत उचलला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा त्याच जागी ठेवला. रविवारची दुपार होती. नाहूरच्या घरात जेवणाचं टेबल रिकामं करून खेळ मांडला होता. खिडकी लावून घेतलेली. वारा कांजूरकडून फिरला की कचऱ्याचा वास थेट आत यायचा.

समोर अक्षता आणि हर्षद. आणि आज, अल्पेशच्या खुर्चीत, अल्पेशची आई.

रत्नप्रभाकाकू न कळवता आल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत लेकाची फाशांची डबी. परवा बाजारात त्यांना अक्षता भेटली आणि बोलता बोलता म्हणून गेली, की खेळात अल्पेश अजून आहे.

"तर कुठे आहे तो, ते दाखव," काकू म्हणाल्या.

"खेळात प्रत्येकाचं एक पात्र असतं, काकू. मी गोष्ट सांगतो, हे दोघं काय करायचं ते ठरवतात, आणि जमलं की नाही ते फासा सांगतो. अल्पेशचं पात्र म्हणजे तांडेल, होडी चालवणारा." सिद्धेशनं शिंपल्याला बोट लावलं. "ही त्याची होडी. तो इथे आहे."

"आणि तुम्ही?"

"आम्ही किनाऱ्यावर. आमचा नियम आहे, जो खेळायला येत नाही त्याचं पात्र होडी राखतं."

"किती दिवस राखतोय?"

हर्षद नखानं टेबलाची कड खरवडत राहिला.

"आठ महिने," शेवटी अक्षता म्हणाली. "त्याला सोडून लांब जाववेना ना. तिथल्या तिथेच फिरतोय आम्ही. हा हर्षद तर तीनदा एकाच विहिरीत पडलाय."

"दोनदा. तिसऱ्यांदा तू ढकललंस."

काकू जराशा हसल्या. मग शिंपल्यावर वाकल्या.

"एकटोच?" त्यांच्या तोंडून घरची बोली निघाली. "जेवता काय तो?"

आठ महिन्यांत सिद्धेशनं किनाऱ्यावर वादळं आणली, चोर आणले, एक आंधळी राणी आणली. होडीवर भाकरी पाठवायचं मात्र राहून गेलं होतं.

काकूंनी डबी उघडली. "त्याच्या जागी मी खेळले तर चालेल?"

"ज्याच्या हातात फासे, त्याचं पात्र." सिद्धेश म्हणाला. हाही नियमच होता.

"मग नांगर उचल म्हणावं त्याला. घरी जा."

तांडेलाचं गाव खाडीपलीकडे होतं. अल्पेशनंच ते नकाशावर काढलं होतं, दारापुढे एवढंसं तुळशीवृंदावन रेखून. मधला भोवरा सिद्धेशनं काढला होता.

"बारा किंवा त्याच्या वर पडलं तर पोचेल. पण भोवऱ्याचा फासा मास्टर टाकतो, काकू. म्हणजे मी."

काकूंनी निळा फासा त्याच्या तळहातावर ठेवला. वीस बाजूंचा, एक कोपरा झिजलेला. सिद्धेशपुढे उभा पुठ्ठा होता. मास्टरचे फासे त्याच्याआड पडायचे; आकडा इतरांना दिसायचा नाही, तो सांगेल तोच खरा. फासा गडगडला, गरगरला, थांबला.

चार.

पुठ्ठ्याआड याआधीही असे चार पडले होते, दोन पडले होते, आणि दर वेळी तो म्हणत आला होता, वाचलास रे. आताही त्यानं तोंड उघडलं.

"पुठ्ठा बाजूला घे," काकू म्हणाल्या.

"काकू..."

"तो सांगायचा मला. आई, सिद्धेश मला मरू देत नाही. हसत हसत सांगायचा." त्यांचा आवाज चढला नाही. "दवाखान्यात त्या काचेच्या दारातून बाहेर आलास, तेव्हाही म्हणालास, बरा आहे तो, तुम्ही घरी जाऊन या. मी गेले. त्याच्यासाठी पेज टाकली. ती शिजेपर्यंत..." त्यांनी पुठ्ठ्याकडे बोट केलं. "मला दाखव."

अक्षतानं मान खाली घातली. सिद्धेशनं पुठ्ठ्याची घडी घातली, मग आणखी एक. आता तो वहीएवढाच उरला. फासा उघड्यावर आला.

"पुरतं का हे?"

"नाही, काकू. नाही पुरत."

काकू त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. पोराच्या अक्षरातली चिठ्ठी वाचावी तशा.

"मग काय होतं?"

"होडी भोवऱ्यात ओढली जाते. हळूहळू."

"किनाऱ्यावरून दिसते?"

"थोडा वेळ दिसते."

"मग सांग. पहिल्यापासून सांग. काही गाळू नको."

सिद्धेशनं शिंपल्यावर बोट ठेवलं. ते हलेना. हर्षदनं टेबल खरवडायचं थांबवलं होतं.

"तांडेल उठला," सिद्धेश म्हणाला. "नांगराला हात घालायच्या आधी त्यानं चूल पेटवली. पेज टाकली."

"मीठ घाल म्हणावं," काकू म्हणाल्या. "विसरता तो."

सिद्धेशनं मीठ घातलं. पेज निवू दिली. मग शिंपला भोवऱ्याकडे सरकवला.