उसळत्या पाण्याची हकीकत

मोशीच्या गोजाबाईचा एकुलता लेक चिमाजी महायुद्ध संपल्यावर पलटणीबरोबर जपानला बंदोबस्तासाठी गेला, तो परत आलाच नाही. सरकारी तार आली. उकळत्या पाण्यानं भाजून मेला, असं तीत होतं. गावात कुणाचा विश्वास बसेना. लढाई संपल्यावर गेलेला धडधाकट शिपाई गरम पाण्यानं मरतो होय? तिकडंच एखादी बाई करून राहिला असेल, असं लोक बोलू लागले. गोजाबाईनं तेच खरं धरलं, कारण त्यात लेक जिवंत होता. सुनेला, छबूबाईला, तिनं कुंकू पुसू दिलं नाही. अशीच वर्षं गेली.

पुढं पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहू लागला. तिथं ट्रक चालवणारा चाकणचा रहिमान एक दिवस घर विचारत आला. तो चिमाजीच्या पलटणीत ड्रायव्हर होता आणि नुकताच फौजेतून सुटला होता.

"मावशी, मी होतो तिथं," तो म्हणाला.

गोजाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "समदं सांग. काई झाकू नको."

रहिमान ओसरीच्या कडेला टेकला. "तिथं जमिनीखाली आग हाय, मावशी. पावसाचं पाणी खोल भेगांत उतरून तापतं. पण वरच्या पाण्याचं वजन खालच्याला उकळू देत न्हाई. ते दबून तापतच ऱ्हातं. मग वरचं थोडं सांडलं, की दाब सुटतो, अन् खालच्याची वाफ होऊन समदं एकदम उसळतं. देवळाच्या कळसाच्याही वर जातं. मग गप. भेग पुन्हा भरायची, पुन्हा तापायची."

"अन् माजा लेक?"

"ते पाणी ठरल्या वेळी उसळायचं. लोक दोरीमागून बघायचे. पण आमी बघायला गेलो त्याच्या आदी धरणीकंप झाला, अन् वेळ बिघडली. आमी लई थांबलो. उसळेचना. चिमाजी म्हणाला, आटलं वाटतं. अन् दोरी ओलांडून भोकात डोकवायला गेला. मी हाक मारली. त्यानं हसून मागं बघितलं, अन् तेवढ्यात..."

गोजाबाईनं विचारलं, "लगीच गेला?"

"न्हाई. दवाखान्यात होता. सारखी थंडी वाजते म्हणायचा. पांघरूण घाल म्हणायचा. पण अंगाला कापड सोसत नव्हतं."

"थंडी..." गोजाबाईनं आपल्या पदराचं टोक मुठीत आवळलं.

दाराआडून छबूबाई पुढं आली. "भाऊजी, खरं सांगा. तिथं कोण बाई व्हती का?"

"न्हाई वहिनी. कुणीच नव्हती."

छबूबाई उंबऱ्यावर बसली आणि गाव गोळा होईल एवढ्या मोठ्यानं रडली. टाकलेली बाई म्हणून आजवर ती चोरूनच रडली होती.

चिमाजीचं दहावं शेवटी इंद्रायणीच्या घाटावर झालं. रहिमान लांब उभा राहिला होता. गोजाबाईनं त्याला हाक मारून जवळ बोलावलं.

पुढच्या वर्षी तिनंच पुढाकार घेऊन तळेगावच्या एका बिजवराशी छबूबाईचा पाट लावून दिला. सून पाया पडली, तेव्हा म्हातारी म्हणाली, "आता माज्याकडं वळून बघू नगंस. सुकानं ऱ्हा." मग ती एकटीच मोशीला परतली. दार उघडून आत गेली आणि सवयीनं, "छबू, दिवा लाव गं," म्हणाली. म्हणून झाल्यावर अंधारातच खाली बसली.