एकच भ

"अण्णा, भ संपला."

ट्रेडलच्या खडखडाटात नेमगोंडाअण्णांना ते 'भात संपला' असं ऐकू आलं.

"मग आक्काला सांग की. मी काय चुलीपाशी बसतोय व्हय?"

"भात न्हवं ओ. भ. भडंगातला भ. घर रिकामं झालं," चिमणाबाई म्हणाली.

अण्णा उठले. मोतीबिंदूमुळं त्यांना बारीक दिसत नसे. मिठाच्या बरणीचा तळ चाचपावा तसं त्यांनी लाकडी पेटीतल्या त्या घरात बोट फिरवलं. बोटाला नुसती धूळ लागली.

शिवाजी पेठेत एका तालमीला लागून असलेला अण्णांचा छापखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र, आणि ते चालवणारा गडी. मागच्या खोलीत उतरत्या मेजांवर केस मांडलेल्या, म्हणजे शेकडो घरं पाडलेल्या लाकडी पेट्या. एकेका घरात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. जोतीराम जुळारी ते खिळे वेचून ओळी जुळवायचा. छापून झालं की चिमणाबाई तो मजकूर मोडून ज्याचा खिळा त्याच्या घरात परत टाकायची. चार वर्षं तिचं हेच काम. शाळेचा उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता. अक्षरं ती शिशातून शिकली होती, उलटी. त्यामुळं खिळ्यांतला मजकूर ती घडाघडा वाचायची आणि कागदावरचं सरळ अक्षर पुढं आलं की पाव्हण्यासमोर लाजावं तशी अडखळायची.

दसऱ्याला तिनं अण्णांना विचारलं होतं, "दुसऱ्या केसवर मी हुबी ऱ्हाऊ का? जुळवतो की मी." अण्णा हसले होते. "वरच्या घरांला हात तरी पुरतो का तुझा? सांगलीचा जुळारी येतोय पाडव्यानंतर."

आणि मग हातकणंगल्याहून निरोप आला, जोतीरामची आई गेली. दिवस होईपर्यंत तो येणार नव्हता. दिवाळी आठ दिवसांवर, छापायला घेतलेल्या दिवाळी अंकातली शेवटची कथा जुळवायची राहिलेली, अण्णांचे डोळे असे. नाइलाज म्हणून जोतीरामची स्टिक चिमणाबाईच्या हाती आली होती. ओळी रचायची ती पितळी पट्टी हातात धरताना तिनं मनाशी ठरवलं होतं, हा अंक नीट निघाला की अण्णांना पुन्हा विचारायचं. एकदाच. नाही म्हणाले तर जन्मभर खिळे परत टाकत बसायचं.

आणि नेमका आता भ संपला होता.

"गेले कुठं सगळे?" अण्णांनी विचारलं.

"अर्धे भजनात अडकल्यात."

नृसिंहवाडीच्या दत्तभजनांची पुस्तिका जुळवून, दोरीनं आवळून फळीवर ठेवली होती. प्रूफ वाडीहून यायचं होतं. भक्त, भजन, भस्म, भवसागर. ती दोरी सोडायची म्हणजे देवाच्या अंगावरचं वस्त्र ओढल्यासारखं.

"आनि बाकीचे?"

"मास्तरांच्या भुतानं खाल्ले."

अण्णांनी कपाळाला हात लावला. मग त्यांना एक तोड सुचली. "म लाव. लांबनं सारखाच दिसतो."

"लावून बघितला, अण्णा. पन 'भूत'मधी म लावल्यावर काय हुतंय, तुमीच मनातल्या मनात म्हना."

अण्णांचे ओठ हलले. त्याच क्षणी कोपऱ्यातल्या झोळीतून चिमणाबाईच्या नऊ महिन्यांच्या पोरीनं जमिनीवर टपटप करून उत्तर दिलं. दोघंही पोट धरून हसले.

"खरंच एकबी शिल्लक न्हाई?"

"न्हाई," चिमणाबाई म्हणाली आणि तिचा हात कनवटीला गेला.

तिथं एक भ होता. कान झिजलेला, वितळवायच्या डब्यात टाकलेला. पोरीच्या बारशाच्या दिवशी, त्या डब्यातलं हाताला लागलं ते वेचून, तिनं आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द जुळवला होता. प्रभा. दोऱ्यानं आवळून तेवढा शब्द तिनं कनवटीला लावला, तो तिथंच होता. पोरीला पाजायच्या आधी ती राखेनं हात घासघासून धुवायची, तेव्हा आधी ती गाठ चाचपायची.

तेवढ्यात अंबादास मास्तर आले. हायस्कुलात मराठी शिकवत आणि दर दिवाळीला एक भयकथा लिहीत. त्यांच्या खिशात कायम एक वही असे. भीतीचे जेवढे शब्द वाचनात येतील तेवढे ते तिच्यात टिपून ठेवत. कथेतली बाई ओसाड गढीत तान्ह्या लेकराला पाळण्यात घालून आडावर पाण्याला जाते आणि मागं एक भूत तो पाळणा हलवतं, अशी गोष्ट. शेवटची दीड पानं राहिली होती.

"भ नाही म्हणजे?" मास्तरांचा आवाज चढला. "'त्या भयाण, भेसूर, भग्न गढीत भेदरलेल्या अर्भकाचा' हे वाक्य मग जुळवायचं कसं?"

"'अर्भक'सुदीक न्हाई हुनार," चिमणाबाई म्हणाली. "तेच्यातबी हाय त्यो."

"भ काढला तर माझ्या कथेत उरतं काय?"

"तेच मी कालपास्नं बघाय लागलोय, मास्तर."

डबा घेऊन आलेल्या आक्का दारातच खुदकन हसल्या. आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. कशालाही न भिणारी बाई. रुकडीच्या ओढ्यात एकदा साप पायावरनं गेला तर "जा बाबा, तुला बी घाई दिसतीया," म्हणालेल्या.

"मास्तर, मागच्या दिवाळीचं वाचलं की मी तुमचं," आक्का डबा ठेवत म्हणाल्या. "ते भूत सारखं धापा टाकत हुतं. दमा हाय का त्येला?"

मास्तर लाल झाले. त्यांनी वही काढली. "घोर लाव. कराल लाव. उग्र, रौद्र, विक्राळ! शब्दांना काय तोटा आहे?" शाळेची वेळ झाली तशी वही मेजावर आपटून ते निघाले. दारातून वळून म्हणाले, "उद्या मधल्या सुट्टीत येतो. माझं नाव आहे त्याच्यावर, ध्यानात ठेव."

चिमणाबाई केसपुढं उभी राहिली. घोर जुळवलं. विक्राळ जुळवलं. पण हात पुढं जाईना. जोतीरामनं पहिल्या दिवशी शिकवलेला नियम तिला पाठ होता. माशीला माशी लावायची. लेखकानं चूक केली तर आपणही तीच करायची. जुळाऱ्याचं डोकं मानेच्या खाली, हातात. नियम मोडला तर अण्णा पाडव्याची वाटसुद्धा बघायचे नाहीत. आहे ते कामही जाईल.

झोळीची दोरी कर्र कर्र वाजत होती. पोरगी पाय मारत खेळत होती. तो आवाज चालू असला की चिमणाबाईचे हात आपोआप चालत. मग तो थांबला. तिचे हातही थांबले. श्वाससुद्धा. झोपली असेल, तिनं स्वतःला सांगितलं, आणि तरी जाऊन वाकून बघितलंच. पोरगी डोळे उघडे ठेवून स्वतःचा अंगठा निरखत होती.

चिमणाबाई तिथंच उभी राहिली. रडणं ऐकू येतं तोवर आईला भ्या नसतं. थांबलं की असतं. हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला ते कधी झोळीकडं कान लावून पाण्याला गेले होते?

तिनं घोर आणि विक्राळ मोडून आपापल्या घरात टाकले. मास्तरांचा कागद पालथा घातला. आणि कागदाशिवाय, मनातलं थेट शिशात जुळवायला लागली. वरच्या घरांना टाचा उंचावून हात पुरवत होती. दीड पानाचं अर्धं पान झालं. शेवटच्या हाकेला अडली, तेव्हा तिनं कनवट सोडली.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी मास्तर आले. आक्का डबा घेऊन बसल्या होत्या. प्रूफ काढायचं होतं, पण अण्णा म्हणाले, "आधी वाच गं. कानानं तर बघू दे मला."

चिमणाबाईनं पदर खोचला. मग जुळलेल्या खिळ्यांवर बोट ठेवून, उलट्या अक्षरांतून सरळ वाचायला लागली.

"ती आडावर होती. घागर अर्धी झाली होती. गढीतून पाळण्याची दोरी ऐकू येत होती. कर्र. कर्र. दोरी वाजते तोवर पोर हलते आहे. पोर हलते आहे तोवर काळजी नाही.

घागर काठाला आली. दोरी थांबली.

झोपली असेल, असे तिने स्वतःला सांगितले. घागर कडेवर घेतली.

दोरी पुन्हा वाजू लागली. कर्र. कर्र. पण आता सावकाश. पोर कधी इतक्या सावकाश हलत नाही. असे झोके मोठे माणूस देते.

घरात मोठे माणूस नव्हते."

ट्रेडलवाल्यानं पाय थांबवला होता. आक्कांच्या हातातला घास ताटलीवरच राहिला.

"दाराची कडी तिनेच बाहेरून लावली होती. ती तशीच होती. कडीला हात लावायचे तिला धाडस झाले नाही. तिने बाहेरूनच हाक मारली. 'प्रभा?'

दोरी थांबली."

चिमणाबाईनं बोट उचललं. बाहेर तालमीत कुणीतरी दंड थोपटले, तेवढ्यानं अण्णा दचकले.

आक्का उठल्या. खरकट्या हातानंच खोली ओलांडून झोळीपाशी गेल्या, कापड बाजूला करून आत बघितलं, मग पोरीच्या नाकापुढं बोटाची पाठ धरली. श्वास लागल्यावरच त्यांचे खांदे खाली आले.

"पण... माझं भूत कुठं आहे?" मास्तरांनी विचारलं.

"झोळीपाशी हाय की! दिसंना व्हय तुमाला?" आक्का ओरडल्या. "मला ह्या उन्हात दिसलं!"

"आणि रहस्य? भुयार, सांगाडा, त्याचा उलगडा?"

"आता उलगडा काय करायचाय? माझं पानी पानी झालं हितं."

अण्णांचा चेहरा मात्र आवळला होता. "चिमणाबाई, हे मास्तरांनी लिवलंय?"

"न्हाई." तिनं स्टिक मेजावर ठेवली. हळूच, निरोप घेताना वस्तू ठेवतात तशी. "माशीला माशी लावली न्हाई, अण्णा. माझी चूक हाय."

मास्तर खिळ्यांवर वाकले. त्यांना उलटं वाचता येत नव्हतं. एकेका ओळीवर ते डोळे बारीक करून झगडत होते. बऱ्याच वेळानं ते सरळ झाले.

"यात एकही उद्गारचिन्ह नाही," ते म्हणाले.

"घालू का?"

"नको." त्यांनी मेजावरची शब्दांची वही उचलली, चाळली, मिटली. मराठीचा हा मास्तर पंधरा वर्षं पोरांना शब्दसंपत्ती शिकवत आला होता, आणि आता त्याला एक शब्द सापडत नव्हता. शेवटी अण्णांकडं वळून म्हणाला, "छापा. असंच. आणि पुढच्या वर्षीची माझी कथाही हिच्याच हातून जुळली पाहिजे. सांगलीचा कोणी येणार असेल तर मी दुसरा छापखाना बघतो."

अंक वसुबारसेला निघाला. कथेवर नाव अंबादास मास्तरांचंच होतं. दुसरं असणार तरी कुणाचं? पण भाऊबीजेच्या आत तालमीतले पैलवानसुद्धा छापखान्याच्या दारात येऊन विचारू लागले, "ओ अण्णा, त्या गढीत कोन हुतं ओ?" अण्णा मागच्या खोलीकडं अंगठा करायचे. "तिला इचारा. ती सांगत न्हाई." वाडीहून भजनांचं प्रूफ घेऊन आलेला माणूसही आधी तेच विचारून मग दत्ताच्या कामाला लागला. चिमणाबाई पदर तोंडाला लावून हसायची. तिचा नवरा साखर कारखान्यावरून सुटीला आला, तर त्याच्या चाळीत ती कथा मोठ्यानं वाचून झाली होती आणि दोन बायकांनी पाण्याला एकटं जायचं सोडलं होतं. "त्या प्रभाची आई माझी बायकू हाय, असं सांगितलं मी," तो म्हणाला. "कुनाला खरं वाटंना."

जोतीराम परतला तो डोकं तुळतुळीत करून. आला तसा मोडायला ठेवलेल्या मजकुरावर वाकला आणि ओळींवरून अंगठा फिरवू लागला. शेवटच्या ओळीच्या आधी अंगठा अडला.

"ह्यो भ आपल्या केसमधला न्हवं. कान झिजलाय. ह्यो मी सवताच्या हातानं डब्यात टाकलेला."

"व्हय."

"आनि ही माशी कुनाची?"

चिमणाबाई हातातला खिळा पदरानं पुसू लागली. जोतीरामनं ते अर्धं पान पुन्हा पहिल्यापासून अंगठ्यानं वाचलं. मग परसात गेला, कागदाच्या गठ्ठ्यांचं रिकामं खोकं घेऊन आला, आणि दुसऱ्या केसपुढं ते पालथं घातलं. पायानं दाबून पाहिलं, डगडगत होतं. तेव्हा खाली रद्दीची घडी सारली.

"चढ," तो म्हणाला. "टाचा किती दिवस उंच करशील?"

सांगलीला अण्णांनी कार्ड टाकलं, येऊ नका म्हणून. थोड्या दिवसांनी नव्या खिळ्यांचं पार्सल आलं. पुडीभर भ, चांदीसारखे लखलखीत. चिमणाबाईनं ते घरात ओतले, काठोकाठ. मास्तरांच्या पुढच्या कथेला त्यांतले अकराच लागले.

जुना भ मात्र तिनं त्या गर्दीत सोडला नाही. प्र आणि काना यांच्यामध्ये ठेवून दोरा आवळला, गाठ मारली. मग राखेनं हात घासून धुतले आणि झोळीतून पोरीला उचललं.

दोरी थोडा वेळ रिकामीच हलत राहिली. या वेळी तिनं वळून बघितलं नाही.